न झालेल्या धरणाचं जंगल

मुक्कालीला पाहुण्याची गाडी थांबते आणि तिथंच राहते. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, मन्नारक्काडहून अट्टप्पाडीकडे चढणाऱ्या घाटरस्त्यावरचं हे छोटंसं ठिकाण. इथल्या वनखात्याच्या कचेरीत नाव-गाव नोंदवायचं, पैसे भरायचे, पिशवीतलं प्लास्टिक काढून ठेवायचं आणि खात्याच्या परवान्याच्या जीपमध्ये बसायचं. सोबत वाटाड्या असतो, बहुतेकदा आसपासच्या आदिवासी वस्त्यांतलाच. तिथून सैरंध्री २३ किलोमीटर. रस्ता असा की एवढ्या अंतराला दीड तास लागतो. जाऊन-येऊन पाचेक तासांत सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाची सहल आटोपते.

ह्या सहलीबद्दलची नेहमीची तक्रार ठरलेली आहे. हाडं खिळखिळी करून घेतली, आणि दिसलं काय? ताडोबाला वाघ पाहून आलेल्या माणसाला तर हे रान फारच कंजूष वाटतं. इथं वाघ आहे, बिबट्या आहे, हत्ती आहेत, पण ते दिसतील ह्या आशेवर जाणाऱ्यानं जाऊच नये. विदर्भातलं पानगळीचं जंगल उन्हाळ्यात उघडंवाघडं होतं, पाणवठ्यावर जनावर येतं, लांबून दिसतं. सदाहरित जंगलाचं तसं नसतं. दहा पावलांवर हत्ती उभा असला तरी कान हलेपर्यंत कळत नाही. इथं पाहायचं ते जंगलच, आणि ते कसं पाहायचं हे थोडं आधी माहीत असेल तर २३ किलोमीटर कमी वाटतात.

सुरुवातीला रस्त्याच्या कडेला कॉफीचे मळे लागतात, मोकळ्या जागा लागतात. मग हळूहळू उजेड बदलतो. झाडं जवळ येतात, रस्त्यावर सावली पडते ती सरकत नाही. बुंधे सरळसोट वर गेलेले, पहिली फांदी कुठं फुटली ते मान मोडून पाहावं लागतं. निलगिरी पर्वताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, चारी बाजूंनी उंच डोंगरकडांच्या आत सांभाळलेलं हे पठार आहे. उंची साधारण हजार मीटर, उत्तरेला अंगिंडा शिखर २३८३ मीटर. मधून उत्तर-दक्षिण वाहणारी कुंतीपुळा नदी. डोंगरांची ही तटबंदी आणि नैर्ऋत्य मोसमी पावसाचा थेट मारा, ह्या दोन गोष्टींनी हे जंगल घडवलं आणि बरीच वर्षं राखलंही.

‘जुनं जंगल’ म्हटलं की आपल्याला थोराड झाडं आठवतात. पण झाडं थोराड असली म्हणजे जंगल जुनं, असा हिशेब नाही. इंग्रजांच्या काळात लावलेल्या सागाच्या बागाही आता थोराड झाल्या आहेत. जुन्या जंगलाची खूण ही, की त्यात सगळ्या वयाची झाडं एकाच वेळी असतात. चाळीस-चाळीस मीटर उंचीची, बाकीच्यांच्या डोक्यावरून वर गेलेली काही मोजकी. त्यांच्याखाली एकमेकांत फांद्या अडकवून बसलेलं दाट छत. त्याखाली सावलीतच आयुष्य काढणारी मध्यम झाडं. मग वेत, नेचे, झुडपं. आणि जमिनीवर बोटभर उंचीची रोपटी. ह्यातली काही रोपटी वर्षानुवर्षं तेवढीच राहतात. जगायला पुरेल एवढाच उजेड त्यांना मिळतो, वाढायला पुरेल एवढा नाही. एखाद्या पावसाळ्यात वादळानं शेजारचा म्हातारा वृक्ष आडवा झाला, की छताला भोक पडतं, उन्हाचा झोत थेट जमिनीवर येतो, आणि इतके दिवस थांबलेल्या रोपट्यांची वर धावायची शर्यत लागते.

आडवा झालेला तो वृक्षही वाया जात नाही. जुन्या जंगलात मेलेल्या लाकडाचं प्रमाण मोठं असतं, आणि नव्या माणसाला नेमकं तेच खटकतं. ‘एवढी झाडं पडलीत, उचलत का नाहीत?’ असा प्रश्न वाटाड्यांना हमखास ऐकावा लागतो. पडलेल्या ओंडक्यावर आधी शेवाळ धरतं, मग अळंबी, मग किडे-मुंग्या घर करतात. त्यांच्यामागे बेडूक आणि सरडे येतात. उभ्या जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी घालते. एवढी मोठी ढोली पडायला झाडाचा घेर मोठा लागतो, आणि तेवढा घेर कोवळ्या जंगलात मिळत नाही. म्हातारी झाडं ‘साफ’ केलेल्या जंगलात धनेश टिकत नाही तो ह्यामुळे.

पायाखालच्या मातीचं गणित तर आणखी उलटं. इतकी झाडी म्हणजे माती सोन्यासारखी असणार, असं कुणालाही वाटेल. मुसळधार पावसाच्या प्रदेशात मातीतली पोषकद्रव्यं सतत धुपून जात असतात, आणि जंगलाची बहुतेक पुंजी मातीत साठलेली नसून झाडांच्या अंगात असते. पान गळलं की उष्ण, दमट हवेत बुरशी आणि जिवाणू त्याचा झपाट्यानं फडशा पाडतात, आणि वरच्या वितभर थरात पसरलेली मुळं ते अन्न लगेच उचलतात. मुळं खोल जात नाहीत, म्हणून मोठ्या झाडांना तोल सांभाळायला बुंध्यापासून फळ्यांसारखी आधारमुळं फुटतात. हा फेरा एकदा तोडला, झाडं उचलून नेली, की मागे राहते ती पावसानं धुतलेली जमीन. त्यावर पुन्हा तेच जंगल लावायचं म्हटलं तर बियांची अडचण आहे. सदाहरित वृक्षांपैकी अनेकांच्या बिया साठवून ठेवता येत नाहीत. गळल्यावर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत त्या रुजल्या पाहिजेत, नाहीतर मरतात. शिवाय त्यांना रुजायला सावली आणि ओल लागते. मोकळ्या माळावर ती कुठून आणायची?

पत्रकांतून ह्या जंगलाचं वय पाच कोटी वर्षं असल्याचं छापलेलं असतं. हा आकडा कुणा एका झाडाचा नाही, ह्या एका दरीचाही म्हणता येणार नाही. ह्या प्रकारच्या वनस्पतींचा वंश किती मागे जातो, त्याबद्दलचं ते विधान आहे. जाहिरातीत ही तफावत गळून पडते. आकड्याशिवायही ह्या रानाचं मोल कमी होत नाही, त्यामुळे तो घासून-पुसून मिरवायची गरज नव्हती.

इथला एक वृक्ष मात्र ओळखून घ्यावा. शास्त्रीय नाव कुलेनिया. हिवाळ्याच्या अखेरीस त्याच्या जाड फांद्यांवरच तपकिरी फुलांचे झुबके लगडतात, पाकळ्या नसलेली मांसल फुलं. पुढं काटेरी गोल फळं धरतात. फणसाचा लांबचा भाऊ म्हणावा असं रूप, नातं मात्र फणसाशी नसून आग्नेय आशियातल्या ड्युरियनशी. ह्या फुलांवर आणि बियांवर एक माकड जगतं, आणि सायलेंट व्हॅलीचा सगळा इतिहास त्या माकडाच्या शेपटीला बांधलेला आहे.

सिंहपुच्छ माकड. अंगानं काळंभोर, चेहऱ्याभोवती करड्या-रुपेरी आयाळीची महिरप, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठंही ते रानात नाही, आणि घाटातही कर्नाटक, केरळ, तमिळनाडू एवढ्यांतच. उत्तरेकडची त्याची हद्द उत्तर कन्नडमधल्या शिरसी-होन्नावरच्या रानात संपते; महाराष्ट्रात ते नाही. रानातली एकूण संख्या चार हजारांच्या आत-बाहेर. आपल्या ओळखीची माकडं देवळाच्या पायरीवर, एसटी स्टँडवर, कुठंही निभावून नेतात. हे माकड तसं नाही. त्याचं आयुष्य झाडांच्या छतावर जातं, जमिनीवर उतरणं त्याला नको असतं. छत सलग पाहिजे आणि छतात बाराही महिने काही ना काही फळलेलं पाहिजे, ही त्याची अट आहे. कुलेनिया त्यातल्या टंचाईच्या महिन्यांत हात देतो. मध्ये रस्ता, मळा किंवा पाणी आलं की कळप अलीकडे-पलीकडे तुटतात.

पाहुण्याला ते दिसेलच असं नाही. निलगिरी वानर आणि शेकरू त्यामानानं सहज दिसतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी भीमाशंकरला पाहिलेला असला तरी इथल्या शेकराच्या अंगावरचा काळा रंग पाहून मराठी माणूस क्षणभर थबकतो.

नावाप्रमाणे इथं शांतता असते का? नदी वाजत असते, धनेशाच्या पंखांचा घासल्यासारखा आवाज डोक्यावरून जातो, आणि पुरेसं गप्प राहिलं तर वरून फळांची टरफलं पडताना ऐकू येतात. दिवसाढवळ्या किर्रर्र करणारे सिकाडा किडे ह्या दरीत नाहीत, म्हणून ती ‘सायलेंट’, अशी एक जुनी उपपत्ती आहे. सैरंध्रीचा साहेबी अपभ्रंश, ही दुसरी. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी. पांडव इथं येऊन राहिले आणि नदीला त्यांच्या आईचं नाव मिळालं, असं लोक सांगतात. महाभारतात कुंती वनवासाला गेलीच नव्हती, ती विदुराच्या घरी राहिली होती. लोककथेला असली अडचण कधी आडवी येत नाही.

सैरंध्रीला जीप थांबते. तिथं लोखंडी मनोरा आहे, सुमारे ३० मीटर उंच. तो चढून वर गेलं की पहिल्यांदाच जंगल वरून दिसतं. एकाही हिरव्याशी दुसरा हिरवा जुळत नाही. कोवळ्या पालवीची तांबूस झाडं मधूनच डोकं काढतात, डोंगरांच्या माथ्यावर गवताळ कुरणं आणि खाचांत दडलेली शोला-वनं. खाली दरीच्या तळाशी नदीची रेघ. तिथून दीडेक किलोमीटर पायी उतरलं की कुंतीपुळेवरचा झुलता पूल. नदीच्या उगमाकडे एकही गाव नाही, शेत नाही, कारखाना नाही. पाणी तळातले गोटे दाखवत वाहतं.

ह्याच परिसरात धरणाची भिंत उभी राहायची होती. उंची १३० मीटर. कोयनेचं धरण १०३ मीटर आहे, ह्यावरून अंदाज यावा.

सैरंध्रीची जागा वीजनिर्मितीला उत्तम, हे इंग्रजांच्या अमदानीतच, १९२८ साली हेरलं गेलं होतं. अरुंद खिंड, भरपूर पाणी, खाली मैदानाकडे मोठी उतरण. अभियंत्याच्या नजरेतून पाहिलं तर ह्याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. १९७३ मध्ये नियोजन आयोगानं प्रकल्प मंजूर केला. खर्च सुमारे २५ कोटी रुपये, सुरुवातीला १२० मेगावॅट वीज, शिवाय पालक्काड-मलप्पुरमकडे दहा हजार हेक्टरना पाणी. उत्तर केरळ तेव्हा विजेच्या बाबतीत मागासलेला होता. कारखाने नव्हते, रोजगार नव्हता, तरुण आखाताची वाट धरत होते. तिथल्या लोकांना वीज हवी होती, आणि हवी असण्यात काहीच गैर नव्हतं. पुढच्या काळात ही गोष्ट ‘खलनायक सरकार आणि भले निसर्गप्रेमी’ अशी सांगितली गेली, त्यात ही बाजू विरून गेली.

धोक्याची घंटा सुरुवातीला वाजवणाऱ्यांत रोम्युलस व्हिटेकर होते, मद्रासच्या सर्पोद्यानाचे संस्थापक. सापांच्या शोधात ते ह्या दरीत आले आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला त्यांनी कळवलं. पुढच्या साऱ्या प्रकरणात मुंबई-पुण्याची माणसं वारंवार भेटतात. १९७६ साली केंद्रानं नेमलेल्या कृतिदलाचे अध्यक्ष होते जफर फतेहअली. ते ह्याच सोसायटीचे माजी मानद सचिव आणि पक्षिनिरीक्षकांचं पत्रक चालवणारे. त्यांच्या कृतिदलानं प्रकल्प सोडून द्यावा अशी शिफारस केली. पण अहवालात एक फट राहिली. सोडणं शक्यच नसेल तर कोणती खबरदारी घ्यावी, ह्याची १७ कलमं त्यांनी जोडली. केरळ सरकारनं शिफारस बाजूला ठेवली, १७ कलमं उचलली आणि ‘आम्ही ती पाळू’ म्हणून कामाला लागलं. समितीवर बसणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण अभ्यासावं. नको म्हणायचं असेल तर नको म्हणून थांबावं. ‘पण करणारच असाल तर’ हे शब्द पुढच्याला पुरेसे असतात.

१९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांनीही प्रकल्पाच्या बाजूनं कौल दिला. त्याच वर्षी सोव्हिएत संघातल्या अश्खाबाद इथं भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या अधिवेशनात सिंहपुच्छ माकडाच्या अधिवासाला संरक्षण द्या, असा ठराव झाला. म्हणजे दिल्लीत होकार, परदेशात नकार. अशा भांडणात स्थानिक माणसाला वाटतं की बाहेरच्यांना माकडाची पडली आहे, आपली नाही. हे चित्र पालटलं ते केरळ शास्त्र साहित्य परिषदेनं.

ही परिषद मुळात मल्याळममधून विज्ञान लिहिणाऱ्यांची संघटना. आपल्याकडच्या मराठी विज्ञान परिषदेची आठवण व्हावी अशी, पण गावोगाव शाखा आणि शिक्षकांचं जाळं असलेली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद ह्यांनी तिथं हा विषय लावून धरला. परिषदेचे सगळेच सभासद लगेच पटले असं नाही. त्यात वीज मंडळातले अभियंतेही होते. मग अभियंते, अर्थतज्ज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी मिळून प्रकल्पाची झाडाझडती घेणारी पुस्तिका काढली. मलबारला, म्हणजे उत्तर केरळला लागणारी वीज दुसऱ्या मार्गांनी मिळू शकते का, केरळच्या एकूण गरजेत ह्या धरणाचा वाटा केवढा, फायदा नेमका कुणाला, असे प्रश्न त्यात आकड्यांनिशी मांडले होते. जंगल वाचवा म्हणणाऱ्यांनी विजेचा हिशेब स्वतः मांडून दाखवला, ही त्या काळात नवी गोष्ट होती. आजही ती फारशी जुनी झालेली नाही.

त्याच वेळी मल्याळम कवी-लेखक रस्त्यावर उतरले. कवयित्री सुगतकुमारी त्यांच्या पुढं होत्या. वृक्षाचं स्तवन करणारी त्यांची कविता सभासभांतून म्हटली जाऊ लागली. वीज मंडळाच्या कामगार संघटना, सत्ताधारी आणि विरोधी पक्षांतले बहुतेक नेते, स्थानिक वृत्तपत्रं असा मोठा पक्ष धरणाच्या बाजूनं होता. कवींची टिंगल झाली. १९८० च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं आंदोलकांची याचिका फेटाळली.

मग दिल्लीत सरकार बदललं. इंदिरा गांधी परत आल्या आणि पूर्ण छाननी होईपर्यंत काम थांबवा, असं त्यांनी केरळला कळवलं. त्याआधी पंतप्रधान चरणसिंगांच्या कारकिर्दीत एम. एस. स्वामिनाथन ह्यांनी दरी पाहून अहवाल दिला होता: सायलेंट व्हॅलीचे ८९.५२ चौरस किलोमीटर आणि लगतची अमरंबलम, कुंदा, अट्टप्पाडीची वनं मिळून एक मोठं राखीव क्षेत्र करा. हरितक्रांतीचा शास्त्रज्ञ, म्हणजे शेतकऱ्याला पाणी-वीज मिळाली पाहिजे असं मानणारा माणूस हे सांगत होता, ह्याला वजन होतं. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली ह्यांनीही प्रकल्प रद्द करायचं आवाहन केलं. शेवटची समिती १९८२ ची, अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पूर्वीचे संचालक. सदस्यांत पुण्याचे माधव गाडगीळ होते. तिचा अहवाल १९८३ मध्ये आला आणि त्याच वर्षी प्रकल्प गुंडाळण्यात आला.

ह्या वादातला एक मुद्दा आजही ऐकू येतो, म्हणून त्याच्यापाशी थांबायला हवं. पाण्याखाली जाणार होते ८३० हेक्टर. सरकार म्हणत होतं, ८,९५२ हेक्टरांपैकी दहावा हिस्साच जातो आहे, नऊ हिस्से शाबूत आहेत. एवढ्याला आकांत कशाला? गणित बरोबर आहे. पण जलाशय जंगलाचा कुठलाही दहावा हिस्सा घेत नाही, नेमका तळ घेतो. नदीकाठची सपाटी, जिथं माती खोल, ओल बारमाही आणि झाडी सर्वांत घन, ती जाते. उरतात ते चढ आणि माथे. दरीच्या मधोमध पाणी उभं राहिलं की जमिनीवर न उतरणाऱ्या माकडाच्या वस्तीचे दोन तुकडे होतात. शिवाय धरण बांधायला हजारो मजूर, त्यांच्या वसाहती, चुलींना सरपण, खडीच्या खाणी, ट्रकचे रस्ते हे सगळं उरलेल्या नऊ हिश्शांतच येणार होतं. टक्केवारीत हे कुठंच दिसत नाही.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायची गरज नाही. कोयनेच्या शिवसागरानं सह्याद्रीतली दाट दरी साठच्या दशकात पोटात घेतली. तिच्या तळाशी काय-काय होतं ह्याची मोजदाद त्या काळी कुणी मागितली नाही, आणि गावं उठली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. कोयनेनं महाराष्ट्राला वीज दिली, ती नाकारता येत नाही. जलाशयाभोवतीचं उरलेलं रान १९८५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. एका दरीत मोजदाद आधी झाली, दुसरीत झालीच नाही. दोन्ही दऱ्या एकाच पर्वतरांगेतल्या.

सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाची अधिसूचना निघाली १५ नोव्हेंबर १९८४ ला. इंदिरा गांधींची हत्या त्याआधी पंधरा दिवसांवर झाली होती. पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरला राजीव गांधींनी उद्यानाचं औपचारिक उद्‌घाटन केलं, त्या वेळचं स्मारक सैरंध्रीला आहे. पुष्कळ पाहुणे त्याच्यासमोर फोटो काढतात आणि मनोऱ्याकडे वळतात.

‘मानवाचा स्पर्श न झालेलं अरण्य’ हे वर्णन ह्या जागेच्या माथी कायमचं चिकटलं आहे. ते खरं नाही. दरीच्या आत वस्ती नव्हती हे बरोबर, पण १९१४ मध्ये राखीव वन झाल्यानंतर ह्या रानाच्या काही भागांतून निवडक झाडांची तोड सत्तरच्या दशकापर्यंत चालू होती. डोळ्यांत सहज भरत नाही, कारण तोड विखुरलेली होती आणि भोवतीचं जंगल शाबूत असल्यानं बियाणं, सावली, ओल सगळं हाताशी होतं. जखमा भरल्या. अखंड रान स्वतःला सावरू शकतं, ह्याचा हा पुरावा ‘अस्पर्श’ ह्या शब्दापेक्षा अधिक कामाचा आहे.

आणि अखंड नसलेल्या रानाचं काय होतं, तेही शेजारीच पाहायला मिळतं. मुक्कालीहून उजवीकडं, पूर्वेला गेलं की अट्टप्पाडी. तोच पर्वत, पण पर्जन्यछायेची बाजू, मुळात पाऊस कमी. गेल्या शतकात तिथलं जंगल झपाट्यानं गेलं, बाहेरून लोक येऊन स्थायिक झाले, उतारांवर शेती चढली. आदिवासी जमिनींपासून तुटले, ओढे उन्हाळ्यात कोरडे पडू लागले, डोंगर बोडके झाले. शेवटी नव्वदच्या दशकात केरळ सरकारला तिथं जपानी कर्ज घेऊन वृक्षलागवड आणि मृद्‌संधारणाचा मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. कुंतीपुळेत मात्र उन्हाळ्यातही पाणी असतं. सायलेंट व्हॅलीला भेट देणाऱ्यानं वेळ काढून अट्टप्पाडीतून एक फेरी मारावी. मनोऱ्यावरून जे समजत नाही ते तिथं समजतं.

धरणाचा विषय १९८३ मध्ये कायमचा मिटला असंही नाही. दोन हजारच्या दशकात नदीच्या खालच्या अंगाला, उद्यानाच्या हद्दीबाहेर पात्रक्कडवू इथं नवा प्रकल्प पुढं आला, ७० मेगावॅटचा. उद्यानाच्या आत काहीच जात नाही, असा ह्या वेळचा दावा होता. पुन्हा वाद झाला. अखेर केरळनं २००७ मध्ये उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचं संरक्षक क्षेत्र जाहीर केलं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा दिला, त्या यादीत सायलेंट व्हॅली आहे. आपलं कास पठार, कोयना, चांदोली, राधानगरीही त्याच यादीत आहेत.

जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च बरा काळ. पावसाळ्यात रस्ता अवघड होतो आणि जळवांचा ससेमिरा लागतो. जायचंच असेल तर पायमोजांवरून चढवायचे कापडी जळूमोजे घ्यावेत. कोकण रेल्वेनं जाणाऱ्या केरळच्या गाड्यांपैकी काही शोरनूरला थांबतात, तिथून रस्त्यानं मन्नारक्काडमार्गे मुक्काली. विमानानं कोइमतूर जवळ पडतं. जीपची संख्या मर्यादित असते, म्हणून मुक्कालीच्या वनकचेरीकडे आधी चौकशी करून ठेवावी आणि सकाळची पहिली जीप धरावी. उन्हं चढली की पक्षी आणि माकडं गप्प होतात. भडक कपडे नकोत, अत्तरं नकोत, गाणी लावायचा मोह तर अजिबात नको. वाटाड्याला ‘माकड दाखव’ म्हणून पिच्छा पुरवू नये. त्याला कुलेनियाचं झाड दाखवायला सांगावं, आणि त्याच्याखाली जरा वेळ थांबू द्याल का, असं विचारावं. सिंहपुच्छ दिसायची शक्यता तिथंच अधिक.

आणि हेही आधीच ठाऊक असलेलं बरं: पाहुण्याच्या वाट्याला येतो तो एक रस्ता, एक मनोरा आणि नदीपर्यंतची एक पायवाट. बाकीची दरी पर्यटकांना बंद आहे, आणि ती बंदच राहायला हवी.